औषधाची गोळी, जुगाराचा नाद आणि मेंदूचा अंदाज



‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण लहानपणी ऐकली आणि आता आपल्यालाच ती ऐकवली जाते. वयस्क माणूस एकाएकी विचित्र वागू लागला, पैसे उधळू लागला की घरचे म्हणतात, म्हातारचळ लागला. अमेरिकेतील अशाच काही रुग्णांची हकीकत येथे सांगावयाची आहे. त्यांचे वागणे पाहून कोणीही म्हातारचळच म्हटले असते. कारण मात्र औषधाच्या डबीत निघाले.

ॲरिझोना राज्यातील फीनिक्स शहरात मुहम्मद अली या मुष्टियोद्ध्याच्या नावाचे पार्किन्सन केंद्र आहे. अलीला स्वतःलाच हा कंपवाताचा विकार होता. तेथील डॉक्टरांनी २००३ साली एक छोटासा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांच्या १,८८४ रुग्णांपैकी ९ जणांना जुगाराचे जबर व्यसन लागलेले आढळले होते, आणि या ९ पैकी ८ जण प्रामिपेक्सोल नावाची एकच गोळी घेत होते. दोन वर्षांनी, म्हणजे २००५ मध्ये, मिनेसोटातील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी आणखी ११ रुग्ण पुढे आणले. त्यांतील ९ जण तीच गोळी घेत होते आणि दोघे रोपिनिरोल नावाची तिची बहीण. एक ६८ वर्षांचे गृहस्थ पूर्वी कधी जुगाराच्या वाटेला गेलेले नव्हते. त्यांनी सहा महिन्यांत कॅसिनोत दोन लाख डॉलरहून अधिक रक्कम घालवली. गोळी बंद केल्यावर नाद सुटला.

एक गोळी माणसाला जुगारी कशी करते? याचे उत्तर समजण्यासाठी मेंदू सुखाची आणि दुःखाची वाट पाहायला कसा शिकतो, ते आधी पाहावे लागेल.

आपल्या मेंदूच्या मध्यभागी, अगदी खोलवर, डोपामाइन नावाचे रसायन तयार करणाऱ्या पेशी असतात. संपूर्ण मेंदूत अब्जावधी पेशी असल्या तरी या पेशी फक्त काही लाख. पण त्यांच्या फांद्या दूरवर पसरलेल्या असतात, त्यामुळे मूठभर असूनही त्यांचा शब्द सगळीकडे पोहोचतो. पार्किन्सनच्या विकारात नेमक्या याच पेशी मरत जातात. हात कापू लागतात, पाऊल उचलत नाही, चेहऱ्यावरचे भाव गोठतात. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस डोपामाइनचे महत्त्व दाखवून दिले आणि त्याबद्दल त्यांना २००० सालचे नोबेल मिळाले. ते त्यांनी पॉल ग्रीनगार्ड आणि एरिक कँडेल या न्यूयॉर्कच्या दोन यहुदी शास्त्रज्ञांबरोबर वाटून घेतले. कँडेल मूळचे व्हिएन्नाचे. १९३९ मध्ये लहानपणी जीव वाचवून अमेरिकेत आलेले.

औषध मात्र न्यूयॉर्क राज्यातच मार्गी लागले. लाँग आयलंडवरच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत जॉर्ज कोट्झियास यांनी १९६७ मध्ये डोपा हे द्रव्य थोडे थोडे वाढवत मोठ्या मात्रेपर्यंत दिले आणि खुर्चीला खिळलेली माणसे चालू लागली. मेंदू या डोपापासूनच डोपामाइन बनवतो. १९६९ मध्ये ब्राँक्समधील बेथ अब्राहम रुग्णालयात डॉ. ऑलिव्हर सॅक्स यांनी हेच औषध झोपेच्या साथीनंतर अनेक दशके गोठून राहिलेल्या रुग्णांना दिले. ‘अवेकनिंग्ज’ हे त्यांचे पुस्तक आणि त्यावरचा चित्रपट पुष्कळांना आठवत असेल. त्या काळी सर्वांचे लक्ष हातापायांच्या हालचालींकडे होते. डोपामाइनचे दुसरेही एक काम आहे, हे नीट कळायला आणखी वीस-पंचवीस वर्षे जावी लागली.

ते कळले माकडांकडून. स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतील एकेका डोपामाइन पेशीत बारीक तार घालून तिची टकटक ऐकली. एरवी ही पेशी सेकंदाला चार-पाच वेळा टकटक करते. माकडाला अचानक फळांच्या रसाचा थेंब मिळाला की ती जोरात वाजू लागे. यात नवल काही नाही. सुखाचे रसायन म्हणून लोक तिला ओळखतच होते. पुढे त्यांनी रस देण्याआधी एक दिवा लावायला सुरुवात केली. दिवा, मग रस. दिवा, मग रस. काही दिवसांनी पेशी दिवा लागताच वाजू लागली आणि रस मिळाला तेव्हा चक्क गप्प राहिली! रस तोच, माकडही तेच, जीभ तीच. मग एके दिवशी दिवा लावला पण रस दिलाच नाही. तेव्हा रस जेव्हा मिळायला हवा होता, बरोबर त्याच क्षणी पेशीची नेहमीची टकटकही थांबली.

म्हणजे ही पेशी सुख मोजत नाही. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतील फरक ती मोजते. अपेक्षेहून जास्त मिळाले तर जोरात वाजते, अपेक्षेइतके मिळाले तर शांत राहते, कमी मिळाले तर थबकते. आपल्या मराठीत या दोन्ही टोकांना आधीपासूनच शब्द आहेत: ध्यानीमनी नसता मिळाले ते घबाड, आणि ठरलेले हुकले तो अपेक्षाभंग. इंग्रजीतल्या शास्त्रज्ञांना त्यासाठी तीन-तीन शब्दांची नावे जुळवावी लागली.

हापूस आंब्याचे उदाहरण घ्या. २००७ सालापासून भारतातला आंबा अमेरिकेत पुन्हा येऊ लागला. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या दुकानात पेटी उघडली की वासानेच जीव हरखतो. फोड गोड निघाली तर ती आनंदाची गोष्ट खरी, पण मेंदूला त्यात नवीन शिकण्यासारखे काही नाही. आंबट निघाली की मेंदू लगेच टिपून ठेवतो: या दुकानाची पेटी, विचार करून घ्यावी. आणि कोणी दिलेले साधेसे फळ कोकणातल्यासारखे मधुर लागले तर तेही टिपले जाते. मेंदू शिकतो तो चुकलेल्या अंदाजावरून.

हे गणितात मांडण्याचे काम अमेरिकेत झाले. येल विद्यापीठाचे रेस्कोर्ला आणि वॅग्नर यांनी १९७२ मध्येच सूत्र दिले होते की शिकणे हे आश्चर्याच्या प्रमाणात होते. मॅसॅच्युसेट्स राज्यातील ॲमहर्स्टच्या विद्यापीठात अँड्र्यू बार्टो आणि त्यांचे शिष्य रिचर्ड सटन यांनी यंत्रांना शिकवण्यासाठी एक रीत काढली. शेवटचा निकाल लागेपर्यंत थांबायचे नाही, वाटेत प्रत्येक पावलाला अंदाज सुधारत जायचे. आपल्या बायका माशाचे कालवण अर्ध्यावर चाखून शेवटी कसे होईल ते ताडतात आणि तेव्हाच चिंच-मीठ सावरतात, तसेच हे. १९९७ मध्ये शुल्ट्झ, पीटर डायन आणि ह्यूस्टनचे रीड माँटेग्यू यांनी दाखवले की माकडाच्या पेशींची टकटक आणि हे यंत्राचे गणित हुबेहूब जुळते. सटन व बार्टो यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार जाहीर झाला तो मात्र २०२५ च्या मार्चमध्ये.

आता शिक्षेची बाजू. इस्राएलमधील वाचकांना ती समजावून सांगायला नको. वरखाली होणारा भोंगा वाजला की विचार करण्याआधीच पाय आसऱ्याच्या खोलीकडे वळतात. यरुशलायीममध्ये शुक्रवारी शब्बाथ लागताना वाजतो तोही भोंगाच, पण त्याचा सूर एकसारखा असतो. तो ऐकून कोणी पळत नाही, उलट घरात शांती उतरते. दोन्ही भोंगेच, पण पुढे काय येणार याचा शिकलेला अंदाज वेगळा, आणि छातीची धडधड त्या अंदाजाप्रमाणे. तिकडून न्यूयॉर्कला मुलांकडे आलेला माणूस रस्त्यावरच्या अग्निशामक गाडीच्या आवाजाने दचकला तर सुनेने किंवा जावयाने हसू नये. जे शिकले ते विमानात बसल्याने पुसले जात नाही.

वाईटाची चाहूल देणाऱ्या जागा मेंदूत अनेक आहेत. बदामाच्या आकाराचा एक भाग भीती जपून ठेवतो. इन्सुला नावाची एक घडी ‘काहीतरी खटकतंय’ ही पोटातली जाणीव पुरवते. आणि मेरीलँडमधील बेथेस्डा येथे हिकोसाका आणि मात्सुमोतो या जपानी शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये दाखवले की हाबेन्युला हा वाटाण्याहूनही लहान भाग अपेक्षाभंगाची वार्ता डोपामाइन पेशींकडे पोहोचवून त्यांना गप्प बसवतो. या लॅटिन नावाचा अर्थ ‘छोटा लगाम’. नाव शेकडो वर्षे जुने, आकारावरून पडलेले, पण काय चपखल बसले!

तर डोपामाइन वाढले की ‘हे पुन्हा कर’ असा धडा पक्का होतो आणि ते घसरले की ‘हे पुन्हा करू नकोस’ असा. मेंदूत या दोन धड्यांच्या वाटाही वेगळ्या आहेत. मग ज्याच्या डोपामाइन पेशीच कमी झाल्या आहेत त्याचे काय? आणि ज्याला डोपामाइन बाहेरून पुरवले जाते त्याचे?

कोलोरॅडोतील बोल्डर येथे मायकेल फ्रँक, लॉरेन सीबर्गर आणि रँडल ओरायली यांनी २००४ मध्ये हाच प्रश्न घेऊन पार्किन्सनच्या रुग्णांना एक खेळ दिला. पडद्यावर दोन जपानी अक्षरे दिसत. त्यांतले एक निवडायचे, आणि लगेच ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ असे उत्तर येई. जपानी अशासाठी की कोणालाच ती वाचता येऊ नयेत. एका जोडीत एक अक्षर शंभरातून ऐंशी वेळा बरोबर ठरे आणि दुसरे वीसच वेळा. असे खेळत खेळत माणूस शिकतो, पण नेमके काय शिकतो? पहिले अक्षर चांगले आहे हे, की दुसरे वाईट आहे हे? जोडी तीच असेल तर दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो. म्हणून शेवटी जोड्या मोडल्या आणि ही दोन अक्षरे इतर अक्षरांबरोबर दाखवली. ज्याला ‘चांगले’ कळले असेल तो पहिले अक्षर कुठेही दिसले तरी उचलणार. ज्याला ‘वाईट’ कळले असेल तो दुसरे कुठेही दिसले तरी टाळणार.

निकाल असा लागला की औषधाशिवाय खेळलेले रुग्ण वाईट टाळण्यात पटाईत निघाले. औषध घेऊन खेळलेले रुग्ण चांगले उचलण्यात पटाईत, पण वाईट टाळण्यात मागे. आजार तोच असूनही धड्याची बाजू उलटली होती. औषधाविना ते जणू फक्त छडीने शिकत होते आणि औषध घेतल्यावर फक्त खाऊने.

येथे जुगाराचे कोडे सुटू लागते. प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल या गोळ्या डोपामाइनची नक्कल करतात. डोपामाइनसाठी असलेल्या कुलपांत त्या स्वतःच किल्लीसारख्या बसतात आणि तासन्‌तास बसून राहतात. आता जुगाराच्या यंत्रापाशी माणूस हरला. त्याच्या मेंदूतील पेशी थबकल्या, लगाम ओढला गेला. पण कुलपात किल्ली तशीच अडकलेली! डोपामाइन घसरल्याची बातमी पुढे पोहोचतच नाही. जिंकल्याचा धडा मात्र नेहमीसारखा, किंवा जास्तच जोरात, पोहोचतो. शंभर वेळा हरून दोनदा जिंकलेल्या माणसाच्या मेंदूत त्या दोन जिंकण्यांचीच नोंद ठळक राहते. कोड्याचे आणखीही पदर आहेत, पण जाणकारांना पटणारा मुख्य धागा हा आहे.

जुगाराचे यंत्र मुळातच या पेशींना भुलवण्यासाठी बनवल्यासारखे असते. बक्षीस कधी येईल याचा नेम नसला की प्रत्येक बक्षीस घबाडच ठरते. हार्वर्डचे बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर हे कधीच दाखवले होते. ठराविक चोची मारल्यावर दाणा मिळणाऱ्या कबुतरापेक्षा, दाण्याचा नेम नसलेले कबुतर न थकता चोच मारत राहते. आमच्या मुंबईला हे शिकवायला कबुतरे लागली नाहीत. तिने मटका पाहिला आहे. त्या मटक्याचे मूळही पुन्हा अमेरिकेतच आहे, कारण सुरुवातीला लोक न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने येणाऱ्या भावांच्या आकड्यांवर पैसे लावीत. १९६१ मध्ये ते आकडे यायचे बंद झाले तेव्हा लोकांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली, पण खेळ थांबवला नाही. न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीत १९७८ पासून कॅसिनो आहेत आणि सकाळी निघणाऱ्या बसगाड्यांत पांढऱ्या केसांची गर्दी असते. इस्राएलमध्ये कॅसिनोला परवानगी नाही, पण लॉटरीची टपरी आणि हातातला फोन आहेच.

हे किती जणांना होते? अमेरिका आणि कॅनडातील ३,०९० पार्किन्सन रुग्णांची पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील १३.६ टक्के लोकांत अनावर जुगार, खरेदी, खाणे किंवा कामवासना यांपैकी किमान एक गोष्ट दिसली. नक्कल करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत हे प्रमाण १७.१ टक्के होते, न घेणाऱ्यांत ६.९. जुगाराचा नाद ५ टक्क्यांना, अनावर खरेदीचा त्याहून थोड्या अधिकांना. म्हणजे बहुसंख्य लोकांना काहीच होत नाही. ही औषधे वाईट आहेत असे मुळीच नाही. त्यांच्यामुळे हजारो माणसे आज स्वतःच्या हाताने जेवतात.

पण ज्यांना होते ते सांगत नाहीत, ही खरी अडचण. चौथ्या प्रकाराबद्दल तर नवरा-बायकोही एकमेकांशी बोलत नाहीत, मग डॉक्टरांपुढे काय बोलणार? लाज वाटते, घरचे रागावतात, कपाटात न लागणाऱ्या वस्तूंचा ढीग साठतो, बँकेतले पैसे आटतात. आणि सगळे मिळून त्या माणसाच्या स्वभावाला दोष देतात, तो स्वतःही देतो. डॉक्टर हात-पाय पाहतात. पैशांचे किंवा रात्री चोरून खाण्याचे विचारतीलच असे नाही. तेव्हा आपणच विचारावे: या गोळीने स्वभावात बदल होऊ शकतो का? शक्य तर घरातील एकाला बरोबर न्यावे, कारण ज्याच्यात बदल होतो त्याला तो क्वचितच दिसतो. हीच गोळी रात्री पाय वळवळण्याच्या त्रासावरही देतात, म्हणून ज्यांना कंपवात नाही त्यांनीही डबीवरचे नाव पाहावे.

एक गोष्ट मात्र करू नये: हा लेख वाचून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी २०१० मध्ये दाखवले की ही औषधे कमी करताना काहींना फार तगमग, घबराट आणि उदासी येते. डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात किंवा दुसरे औषध सुचवतात.

आता ज्यांना कोणताच आजार नाही अशा आपल्यासारख्यांबद्दल थोडे. वयाबरोबर मेंदूतील डोपामाइनची यंत्रणा सर्वांचीच थोडी थोडी झिजते. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात ग्रेगरी समानेझ-लार्किन, ब्रायन नटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण आणि वृद्ध अशा दोघांनाही पैसे मिळण्याचा किंवा जाण्याचा खेळ खेळायला लावून त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. पैसे मिळणार या चाहुलीने वृद्धांचा मेंदू तरुणांइतकाच उजळला. पैसे जाणार या चाहुलीने मात्र तितका उजळला नाही. याचा एक फायदा असा की उद्याच्या काळजीने आपण तरुणांसारखे झुरत नाही. म्हातारपणी मन निवांत होते म्हणतात, त्यात हाही भाग असेल.

तोटा दुसऱ्या प्रयोगात दिसला. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात २०१२ मध्ये एलिझाबेथ कॅसल, शेली टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना अनोळखी चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून विचारले, यांच्यावर किती विश्वास ठेवाल? भल्या वाटणाऱ्या चेहऱ्यांबद्दल तरुण-वृद्धांचे मत सारखेच पडले. लबाड दिसणाऱ्या चेहऱ्यांवर मात्र वृद्धांनी जास्त विश्वास ठेवला. तरुणांची इन्सुला अशा चेहऱ्यांवर जागी होई. वृद्धांची फारशी होत नसे. ‘काहीतरी खटकतंय’ ही पोटातली हाक वयाबरोबर हळू होते, असा याचा अर्थ. अक्कल कमी होते असे नव्हे.

फोनवरून फसवणाऱ्यांना हे शास्त्र माहीत नसेल, पण गिऱ्हाईक बरोबर माहीत आहे. २०२३ या एका वर्षात साठीपुढील अमेरिकन लोकांनी एफबीआयकडे ३४० कोटी डॉलरच्या फसवणुकीच्या तक्रारी नोंदवल्या, आणि लाजेने न नोंदवलेल्या निराळ्याच. यातला एक जुना प्रकार म्हणजे रात्री फोन येतो, “आजी, मीच बोलतोय, ओळखलंस ना? अपघात झालाय, पोलिसांनी धरलंय, पप्पांना सांगू नकोस.” पलीकडचा माणूस नाव सांगत नाही, आजीच बिचारी नातवाचे नाव घेऊन बसते. पोटातून धोक्याची हाक येईल म्हणून अशा वेळी वाट पाहू नये, ती येईलच असे नाही. फोन ठेवावा आणि वहीत लिहिलेल्या नंबरावर नातवाला स्वतः फोन लावावा. तो बहुधा झोपेतून उठून विचारील, “आजी, इतक्या रात्री काय झालं?”